इतिहासाचार्य राजवाडे : कागद आणि कागदाची नोंद

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. जन्म कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचा, शिक्षण पुण्या-मुंबईचे, भटकंती साऱ्या महाराष्ट्राची, आणि शेवट मात्र पांझरेकाठी, आपल्या खानदेशात. मागे बायको नाही, मूल नाही, घरदार नाही. मागे राहिले ते कागद. गाठोडीच्या गाठोडी कागद, पोथ्या आणि स्वतःच्या हाताने केलेली असंख्य टिपणे.

राजवाड्यांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा त्यांच्या विक्षिप्तपणाविषयी. ते हाताने स्वयंपाक करीत, मैलोन्‌मैल पायी हिंडत, संतापले म्हणजे समोर कोण आहे हे पाहत नसत, लिहायचे ते मराठीतच असा त्यांचा बाणा होता. या गोष्टी खऱ्या आहेत आणि वाचायला गमतीच्याही आहेत. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी राजवाड्यांचे चरित्र लिहिले आहे. ज्यांना त्यागाची आणि तपश्चर्येची बाजू हवी असेल त्यांनी ते जरूर वाचावे. मला येथे लिहायचे आहे ते एका निराळ्या, काहीशा रूक्ष वाटणाऱ्या बाजूविषयी. एखादा जुना कागद हाती आला की राजवाडे त्याला प्रश्न विचारीत. तू कोणाच्या घरी सापडलास? तुला कोणी लिहिले आणि कोणाला? कोणत्या साली? तू अस्सल की नक्कल? या प्रश्नांची उत्तरे कागदाच्या पोटात क्वचितच असतात. ती बाहेरून शोधून कागदाशेजारी लिहून ठेवावी लागतात. ग्रंथपालनाचे विद्यार्थी या शेजारच्या मजकुरालाच आज ‘मेटाडेटा’ म्हणतात. शब्द नवा आहे, काम जुने आहे. आणि शेकडो ग्रंथालयांच्या याद्या संगणकावर एकत्र येऊ लागल्यापासून हे काम नीट न झाल्याचे दुष्परिणाम पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जाणवू लागले आहेत. म्हणून राजवाड्यांची आठवण.

जन्म २४ जून १८६३ चा. वडील लहानपणीच गेले. मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये थोडे दिवस आणि मग पुण्यास डेक्कन कॉलेजात, असे रखडतखडत १८९०च्या सुमारास ते पदवीधर झाले. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेल्या पुस्तकांकडे ओढा अधिक, हे रखडण्याचे एक कारण. (आपल्यापैकी काहींना यात दिलासा वाटेल, पण त्यांचे न नेमलेले वाचन कोणत्या प्रतीचे होते हेही ध्यानात ठेवावे.) लग्न झाले, पत्नी थोड्याच वर्षांत वारली, पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. काही काळ शिक्षकी केली, तीही सोडली. मग ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. परभाषांतील थोर ग्रंथ मराठीत आणावेत हा हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक फार दिवस चालले नाही. येथवरचे आयुष्य त्या काळच्या कोणाही हुशार, मानी आणि अव्यवहारी तरुणाचे असावे तसेच आहे.

वळण लागले ते वाईच्या कागदांनी. पानिपतच्या मोहिमेच्या काळातील पत्रांचा एक साठा त्यांच्या हाती आला, आणि १८९८ साली वाईहून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील सुमारे तीनशे पत्रे आहेत. पुढच्या दोन दशकांत या मालेचे एकूण बावीस खंड झाले. त्या वेळी पुण्याचे पेशवे दफ्तर सरकारच्या कुलपात होते. संशोधकाला तेथे सहज प्रवेश नव्हता. तेव्हा राजवाड्यांनी सरदारांचे वाडे, देशमुख-देशपांडे आणि कुलकर्णी यांची घरे, मठ आणि देवस्थाने यांची वाट धरली. त्या घरांतून कागद असत ते रुमालांत. चौरस फडक्यात बांधलेल्या दफ्तराला रुमाल म्हणत. वर माळ्यावर, कुठे धान्याच्या कोठीमागे, वाळवी आणि उंदीर यांच्या स्वाधीन केलेले हे रुमाल. कोणी ते वाण्याला रद्दीत घातलेले असत, कोणी कुलदैवताप्रमाणे जपलेले असत आणि दाखवायला तयार नसत. दोन्ही प्रकारच्या माणसांशी राजवाड्यांची गाठ पडे.

आता हा रुमाल सोडला म्हणजे काय दिसते? समजा, एक पत्र आहे. वर मायना, मध्ये मजकूर, खाली तारीख. ती तारीख म्हणजे ‘छ ७ जमादिलाखर’ एवढीच. म्हणजे जमादिलाखर महिन्याचा सातवा चंद्र. साल नाही! लिहिणाराला साल लिहिण्याची गरज वाटली नाही, कारण ज्याला पत्र पोचायचे त्याला चालू साल ठाऊकच होते. पाठविणाराचे नावही पुष्कळदा पुरे नसते. अक्षर ओळखीचे, शिक्का ओळखीचा, मग नाव कशाला? घरातल्या घरात हे सारे बरोबर होते. अडचण सुरू होते ती कागद त्या घराबाहेर पडला म्हणजे. दीडशे वर्षांनी, दुसऱ्या गावी, परक्या माणसाच्या हाती तेच पत्र आले की जे कोणी लिहिले नव्हते, कारण ते सर्वांना ठाऊक होते, नेमके तेच हरवलेले असते. राजवाड्यांच्या संपादनाचे मर्म मला वाटते येथे आहे. हे हरवलेले त्यांना भरून काढायचे होते.

साल कसे शोधीत? हिजरी वर्ष चांद्र; ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे जमादिलाखर कधी थंडीत येतो, कधी ऐन उन्हाळ्यात, आणि सुमारे बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत. पत्रात थंडीचा, पेरणीचा किंवा एखाद्या सणाचा उल्लेख असला की शक्य सालांची संख्या एकदम कमी होते. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असले तर काम अधिक सोपे, कारण तीच तिथी त्याच वारी क्वचितच जुळते. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार असा सांगितला की तो १४ जानेवारी १७६१ हाच ठरतो. कधी पत्रात सुहूर सन असतो, तोही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. हे साल मृग नक्षत्राला सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा जानेवारी म्हणून ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. एका अंकाची चूक झाली तर लढाईनंतरचे पत्र लढाईच्या आधी जाऊन बसते, आणि मेलेला माणूस कुशल कळवू लागतो. याखेरीज फसली सन, शालिवाहन शक, आणि १६७४ पासून शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक. एकाच रुमालात ही सारी वर्षे सरमिसळ असू शकतात.

नावांची तऱ्हा अशीच. ‘नाना’ म्हणजे नानासाहेब पेशवे की नाना फडणीस? बाळाजी म्हणावे तर बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव आणि बाळाजी जनार्दन असे तिघे पुढे उभे राहतात. पैकी दुसरा म्हणजे नानासाहेब आणि तिसरा म्हणजे नाना फडणीस! माधवराव दोन, बाजीराव दोन. पत्रात ‘श्रीमंत’ एवढेच असते. त्या साली गादीवर कोण होते हे कळल्याशिवाय श्रीमंत कोण हे कळत नाही, आणि श्रीमंत कोण हे कळल्याशिवाय साल ठरत नाही. हा गुंता राजवाड्यांनी शेकडो पत्रांच्या बाबतीत सोडविला.

हे नुसते कारकुनी काम होते असे कोणी म्हणेल. परंतु त्यावर काय काय उभे राहते पाहा. फारसीचा मराठीवर झालेला परिणाम दाखविताना राजवाड्यांनी निरनिराळ्या काळच्या पत्रांतील शब्द मोजले. १६२८ मधील पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण अवघे १४ टक्क्यांच्या आसपास, बाकीचे फारसी. १६७७ मध्ये मराठीचे प्रमाण ६३ टक्क्यांच्या जवळ गेले. १७२८ मध्ये ते ९४ टक्क्यांच्या घरात. हे आकडे आजही व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून ऐकू येतात. शब्दांच्या मोजणीला कोणी आक्षेप घेईल, तीन कागदांवरून एवढे मोठे अनुमान काढावे काय असेही कोणी विचारील, आणि तो विचारणे रास्तच आहे. पण आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. तिन्ही पत्रांची साले बरोबर असतील तरच या आकड्यांना काही अर्थ आहे. कागदाच्या शेजारी लिहिलेली चार अंकी नोंद चुकली की साऱ्या भाषेचा इतिहास उलटासुलटा होतो.

पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी ग्रँट डफच्या इतिहासातील आणि बखरींतील चुका दाखविल्या. बखरीपेक्षा समकालीन पत्र अधिक विश्वसनीय, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले तत्त्व त्यांनी त्या वेळी आग्रहाने मांडले. पत्र छापायचे तर जसेच्या तसे, मूळच्या शुद्धलेखनासह, हा त्यांचा दुसरा आग्रह. या दुसऱ्या आग्रहाचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. राजवाड्यांनी ठरविलेली काही साले पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्त केली. ती त्यांना दुरुस्त करता आली याचे कारण राजवाड्यांनी आपला निर्णय पत्राच्या माथ्यावर छापला, पण पत्राची मूळ तारीख जशी होती तशी खाली ठेवली. अनुमान आपले आणि पुरावा कागदाचा, हे दोन्ही समोर आहेत. वाचणाराला पटले नाही तर तो स्वतः जंत्री काढून बसू शकतो. नुसते इसवी सन छापून मूळ तारीख गाळली असती तर चूक कायमची झाली असती, आणि ती चूक आहे हेदेखील कोणाला कळले नसते.

खंड वाढत गेले. पानिपतच्या पाठोपाठ शिवकालीन घराण्यांचे कागद आले. एकट्या माणसाच्या हातून हे काम पुरे होणार नाही हे त्यांनाही दिसत होते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ज्याच्याकडे जे कागद असतील ते त्याने मंडळात आणावेत, सर्वांसमोर वाचावेत, छापावेत. आपण ज्याला आज सामायिक संग्रह म्हणतो त्याची ही मराठीतील एक मोठी सुरुवात. मंडळाची वार्षिक इतिवृत्ते आणि संमेलनवृत्ते आजही अभ्यासकांना लागतात. त्यांवर शकाचे साल आहे. ‘शके १८३५’ म्हणजे १९१३-१४. पण राजवाडे संस्थेत रमणारे नव्हते. मतभेद झाले, आणि आपण जन्माला घातलेल्या मंडळातूनही ते बाजूला झाले. ते कसे आणि कोणामुळे, याच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. परिणाम तेवढा सांगतो. त्यांनी पुढे गोळा केलेले कागद एका जागी राहिले नाहीत. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या स्नेह्यांकडे ती दफ्तरे ठेवलेली असत, आणि कोणत्या गावी काय आहे याची पुरी यादी राजवाड्यांच्या डोक्यात होती.

येथे या थोर माणसाविषयी एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. बीडजवळच्या पाटांगण येथे १९०३च्या सुमारास त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी पाठशुद्धी करण्यापूर्वीचा हा पाठ, असे त्यांचे म्हणणे. पोथी मुकुंदराजांच्या हातची, असेही त्यांनी मानले. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले. हे व्याकरण मराठी भाषेच्या अभ्यासातील मोठे काम आहे, याविषयी दुमत नाही. पुढे १९६० साली महाराष्ट्र शासनाने जी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तीही राजवाडे संहितेवर आधारलेली. पण मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही. तिचा कागद कसा, शाई कशी, अक्षराचे वळण कोणत्या शतकाचे, पाने किती, कोणत्या पानावर खाडाखोड, मागे कोणाचे नाव, हे तज्ज्ञाने शेजारी बसून टिपलेले असते तर पोथी गेल्यावरही पुष्कळ काही उरले असते. मुकुंदराजांच्या हातची असणे शक्य आहे की नाही याचा निकाल अक्षरावरून आणि कागदावरून लागला असता. आज छापील पाठ आहे आणि राजवाड्यांचा शब्द आहे. दुसऱ्यांच्या कागदांची इतकी कसून उलटतपासणी घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या सर्वांत मोलाच्या पोथीची साक्ष दुसऱ्याला घेता येईल अशी ठेवली नाही. मला तरी त्यांच्या रागीटपणाच्या साऱ्या गोष्टींपेक्षा ही गोष्ट अधिक बोचते.

शेवटच्या काळात ‘राधामाधवविलासचंपू’ आणि ‘महिकावतीची बखर’ ही त्यांची संपादने प्रसिद्ध झाली. दोन्हींच्या प्रस्तावना मूळ ग्रंथापेक्षा अधिक वाचल्या जातात, आणि त्यांतील पुष्कळ मते आज टिकण्यासारखी नाहीत. शब्दांच्या व्युत्पत्तीचे वेड मात्र अखेरपर्यंत होते. धातूंची आणि नामांची हजारो टिपणे त्यांनी केली होती. ती पुरी होण्याआधीच धुळ्यात त्यांचा अंत झाला.

आणि मग खानदेशाने जे केले ते सांगितलेच पाहिजे. धुळ्याला या कामाची परंपरा होती. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगावच्या मठांतून मिळवून धुळ्यात आणण्याचे काम आधीच चालविले होते. समर्थ वाग्देवता मंदिर हे त्याचे फळ. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १९२७ साली, धुळ्यातील मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. भास्कर वामन भट हे त्यांतील प्रमुख. एखाद्या मोठ्या माणसाच्या मागे आपल्याकडे बहुधा पुतळा होतो. येथे दफ्तरखाना झाला. निरनिराळ्या ठिकाणी राहिलेले कागद मिळविणे, रुमाल सोडणे, प्रत्येक कागद वाचणे, त्याचा सारांश लिहिणे, क्रमांक देणे, असे हे काम. यात व्याख्याने नाहीत, हारतुरे नाहीत. मोडी वाचून वाचून डोळे तेवढे दुखतात. मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले. राजवाड्यांच्या टिपणांतून कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली १९३७ साली धातुकोश बाहेर पडला, आणि पुढे नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोशही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मु. ब. शहा यांनी संपादिलेले राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत याच मंडळाने काढले. जळगावहून एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने दोन-अडीच तासांत धुळे येते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांची सहल वेरूळ-अजिंठ्याला दरवर्षी जाते. ती एकदा तरी या दफ्तरांपाशी जावी, असे आमच्या प्राध्यापकांना सुचवावेसे वाटते.

आता संगणकाकडे येतो. गेल्या पंचवीस वर्षांत लाखो भारतीय पुस्तकांची पानोपानी छायाचित्रे घेण्यात आली. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा त्यांतील मोठा प्रकल्प. त्याचे मूळ संकेतस्थळ बंद पडले, तरी त्यातील पुष्कळ पुस्तके ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आहेत. खडगपूरच्या आय. आय. टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय निरनिराळ्या संस्थांच्या नोंदी एकत्र करून दाखविते. खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही १८९८चा खंड घरी बसून वाचता यावा, ही गोष्ट राजवाड्यांना स्वप्नवत वाटली असती. पण तो खंड सापडायला हवा! पहिल्या प्रकल्पात मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी लिहिली गेली. राजवाडे या एका आडनावातील ‘वा’ कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. ‘ज’नंतर कोणी एक ए घालतो, कोणी घालत नाही. माणसाच्या नजरेला हे सारे एकच दिसते, यंत्राला ते निरनिराळे चार गृहस्थ वाटतात.

याहून मोठी अडचण पत्रांच्या रुमालासारखीच आहे. एखादे ग्रंथालय आपल्या नोंदी आपल्यापुरत्या करते तेव्हा तेथील माणसांना जे ठाऊक असते ते नोंदीत उतरत नाही. धुळ्याच्या दफ्तरखान्यात ‘यादी’ किंवा ‘पत्र, नाना यांस’ एवढे लिहिले तरी चालते. कपाट कोणते, रुमाल कोणाचा, हे तेथे बसलेल्याला दिसते आहे. तीच नोंद देशभरच्या कोट्यवधी नोंदींत जाऊन पडली म्हणजे ‘यादी’ या शब्दाचा अर्थ शून्य. नोंदींची देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन या गावी जमलेल्या मंडळींनी जे काम सुरू केले त्यातून पंधरा रकान्यांचा एक साधा आराखडा तयार झाला. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, मूळ स्रोत असे ते रकाने. जगभर तो चालतो. परंतु त्यातला कोणताही रकाना भरलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि ज्याला बंधन नाही ते काम कसे होते हे आपण सारे जाणतोच. दिनांकाच्या रकान्यात कोणी मुखपृष्ठावरचे १८३५ तसेच उतरविले, शके हा शब्द गाळला, की पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचे इतिवृत्त पेशवाई बुडाल्यानंतरच्या सतराव्या वर्षी जाऊन बसते. पुढची ग्रंथालये ती नोंद उचलतात. दहा ठिकाणी तेच साल दिसले की अकरावा माणूस ते पुरावा म्हणून देतो. तेव्हा रकाना एकाऐवजी दोन करावेत हे बरे. मूळ कागदावर जसे आहे तसे साल एकात, आणि आपण ठरविलेले इसवी सन दुसऱ्यात. पहिल्या खंडातील पत्रांच्या बाबतीत राजवाड्यांनी केले ते हेच.

गावांच्या नावांनाही हे लागू आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. नंदुरबारकडच्या एखाद्या घराण्याचे कागद घ्या. १९०६ पूर्वीच्या नोंदीत जिल्हा खानदेश. १९०६ साली जिल्ह्याची फाळणी झाली, तेव्हा पश्चिम खानदेश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर धुळे. १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. गाव जागचे हलले नाही, घर हलले नाही, पण नोंदीत जिल्हे चार. जो विद्यार्थी ‘नंदुरबार’ टाकून शोधील त्याला उरलेल्या तीन नावांखालचे काहीच मिळणार नाही, आणि तो खुशाल लिहून मोकळा होईल की या भागाविषयी साधने उपलब्ध नाहीत. जुने नाव पुसून नवे घालणे हा उपाय नव्हे, कारण कागदाच्या काळी ते जुनेच नाव खरे होते. दोन्ही द्यावीत, आणि कोणते कधीचे तेही द्यावे.

या संगणकीय याद्यांतील घोटाळ्यातून खुद्द राजवाड्यांची सुटका नाही. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते. यास्काच्या निरुक्तावरील त्यांचे काम संस्कृतच्या अभ्यासकांत मान्यता पावलेले आहे. बापाचे नाव एक, आडनाव एक, आणि इंग्रजी आद्याक्षरे लिहिली की दोघेही व्ही. के. राजवाडे. शब्दांच्या मुळाशी जाण्याची आवड दोघांनाही, त्यामुळे पुस्तकाच्या विषयावरूनही अनोळखी माणसाला उलगडा होत नाही. इंग्रजीत न लिहिण्याचा ज्याचा बाणा, त्याच्या नावावर इंग्रजी निरुक्त चढविले जाण्याची सोय आद्याक्षरांनी करून ठेवली आहे. मराठीत पुरे नाव लिहिले, विश्वनाथ आणि वैजनाथ, आणि धाकट्याच्या नावापुढे कंसात १८६३–१९२६ एवढे घातले, तर हे दोन भाऊ एकमेकांपासून निराळे राहतात.